सौरघटांवर प्रकाशाचा परिणाम

सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणाऱ्या सौरघटाची क्षमता त्याच सूर्यप्रकाशाने काही अंशी घटते, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु ती वस्तुस्थिती आहे. पथदिवे, शाळांची छपरे व कृषिपंप यांसाठी सार्वजनिक निधीतून सौर पॅनेल घेतली जात असताना ती समजून घेणे अगत्याचे आहे.

सौरघटावर प्रकाश पडला म्हणजे सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळे होतात व त्यांच्या वहनातून वीज मिळते. सिलिकॉनच्या रचनेत दोष असल्यास इलेक्ट्रॉन तेथेच अडकून वाया जातात. असे काही दोष प्रकाशामुळेच उत्पन्न होतात.

अस्फटिकी सिलिकॉनच्या बाबतीत हा परिणाम १९७७ साली अमेरिकेतील आरसीए प्रयोगशाळेतील डेव्हिड स्टेब्लर व ख्रिस्तोफर रॉन्स्की यांनी दाखवून दिला. अशा घटांची क्षमता उन्हात १० ते ३० टक्क्यांनी घटून मग स्थिरावते. सुमारे १५० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापविल्यास सिलिकॉन पूर्ववत होते.

बोरॉन मिसळलेल्या स्फटिकी सिलिकॉनमध्ये हा परिणाम सौम्य असतो. वितळलेल्या सिलिकॉनमधून स्फटिक ओढून काढताना क्वार्ट्झच्या मुशीतील ऑक्सिजन त्यात उतरतो. पुढे उन्हात बोरॉन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून दोष तयार होतात आणि पहिल्या काही तासांत वा दिवसांत क्षमता साधारणतः १ ते ३ टक्क्यांनी उतरते. बोरॉनऐवजी गॅलियम वापरल्यास ही घट बव्हंशी टळते. म्हणून अलीकडे अनेक उत्पादकांनी गॅलियमचा अवलंब केला आहे.

यावरून व्यवहारात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, अगदी नव्या पॅनेलचे पहिल्या दिवशीचे मोजमाप कायमचे मानू नये. खरेदी करताना पॅनेल आयएस १४२८६ या भारतीय मानकानुसार प्रमाणित असल्याची खात्री करावी, तसेच हमीपत्रात पहिल्या वर्षाची व त्यापुढील वर्षांची घट स्वतंत्रपणे नमूद आहे किंवा नाही हे पाहावे. दुसरी, स्फटिकी पॅनेलची वीज एकाएकी बरीच घटली, तर दोष प्रकाशाच्या माथी मारू नये. धूळ, झाडाची सावली वा सैल जोडणी हीच कारणे बहुधा आढळतात, आणि त्यांचा बंदोबस्त गावातच होऊ शकतो.