माशाला इंजेक्शन कशासाठी?

दिल्लीत आयएनए मार्केटला किंवा चित्तरंजन पार्कात रोहू-कटला घेताना अनेकांना शंका येते: तळ्यातले मासे हार्मोनची सुई टोचून फुगवतात म्हणे! सुई टोचतात हे खरं; पण ती प्रजननासाठी ठेवलेल्या नर-मादीला, अंडी मिळवण्यासाठी.

रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. पावसाळ्यात पूर आला की ते अंडी घालतात. तळ्यात मादीची गाबोळी भरते, पण पूर नाही म्हणून अंडी सोडण्याचा शेवटचा इशारा मेंदूकडून येत नाही. पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावं लागे आणि त्यात नको त्या जातींची पिल्लंही येत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अडसर दूर केला. माशाच्या मेंदूखालची इवलीशी पीयूषिका ग्रंथी काढायची, अल्कोहोलमध्ये टिकवायची, खलून अर्क करायचा आणि मादीच्या शेपटीजवळचा खवला उचलून टोचायचा. आता तयार औषध मिळतं, मादीला किलोमागे जेमतेम अर्धा मिलिलिटर. त्यात कृत्रिम हार्मोनसोबत डोम्पेरिडोन असतं, माणसांना उलटीवर देतात तेच. एक किलोची रोहू सुमारे 2 लाख अंडी देते. बाजारात येतात ती त्यातून निघून महिनोन्‌महिने वाढलेली पिल्लं. त्यांना सुई लागलेलीच नसते. टिलापियाचं मात्र वेगळं. सगळे नर व्हावेत म्हणून त्याच्या पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे खाद्यातून हार्मोन देण्याची पद्धत आहे. मासा विक्रीला येतो तो त्यानंतर काही महिन्यांनी; तोवर ते शरीरातून निघून गेलेलं असतं.

समुद्र नाही तिथे माशांवर कसलं संशोधन, असंही ऐकू येतं. दिल्ली विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. बी. आय. सुंदरराज यांनी सिंगी माशावर वर्षानुवर्षं काम केलं. दिवसाची लांबी आणि पाण्याचं तापमान बदललं की मादीच्या अंडाशयात काय घडतं, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवलं. मुंबईत वर्सोव्याला असलेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं एक केंद्र तर रोहतकजवळ लाहलीला आहे. तिथलं खारं भूजल शेतीला निरुपयोगी. त्यात पोटॅशियम कमी असल्याने कोळंबीही तग धरत नाही. ते बाहेरून घातलं की जगते, हे या केंद्राने अभ्यासलं. हरियाणातल्या खारावलेल्या जमिनींवर आज कोळंबीची तळी दिसतात, ती याच अभ्यासाच्या आधारावर.

खाद्याबद्दल एक गैरसमज मत्स्यशेतकऱ्यांमध्येही आहे: भरपूर कोंडा-पेंड टाकली की भरपूर अंडी. उलट अतिखाण्याने मादीच्या पोटात चरबी साठते आणि अंडी कमी पडतात. तिला हवीत चांगली प्रथिनं, योग्य स्निग्धाम्लं आणि क व ई जीवनसत्त्वं. आपल्याप्रमाणेच बहुतेक माशांना क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. ते कमी पडलं की पिल्लांचा कणा वाकतो.

काळजी करायचीच तर थाई मांगूरची करा. हा आफ्रिकी मासा अधाशी मांसभक्षक आहे, नदीत शिरला की देशी मासे संपवतो आणि पुष्कळदा कत्तलखान्याच्या कचऱ्यावर पोसला जातो. त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे, तरी तो चोरून विकला जातो. दिसला तर घेऊ नका.