लालभडक बाटली आणि टीपकागद

तारकर्लीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पाहुण्याचे स्वागत बहुधा कोकम सरबताने होते, आणि परतताना त्याच्या पिशवीत मालवणच्या बाजारातील अमृत कोकमाची बाटलीही असते. फळीवर दोन बाटल्या शेजारी ठेवलेल्या असल्या, तर त्याचा हात अधिक लालभडक बाटलीकडे जातो. अन्याय घडतो तो नेमका येथे.

रातांब्याच्या सालीचा रंग अँथोसायनिन वर्गातील द्रव्यांचा असतो. उष्णता, उजेड आणि काळ यांपुढे तो टिकाव धरीत नाही. साखर घालून उन्हात मुरविलेले अस्सल अमृत कोकम काही महिन्यांत तपकिरी छटेकडे झुकू लागते. उलट कृत्रिम रंगाचे सरबत दीर्घकाळ तेजस्वी राहू शकते. म्हणजे प्रामाणिक माल शिळा वाटावा आणि रंगविलेला ताजा! मालाचा दर्जा केवळ विक्रेत्यालाच ठाऊक असेल, तर ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो आणि चांगला माल बाजारातून उठतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. कोकमाची गत निराळी होण्याचे कारण नाही. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन लाभले, हे स्वागतार्हच. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, बाटलीत डोकावत नाही.

डोकावण्याचे साधन मात्र केव्हाच सिद्ध झाले आहे. कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी 1944 मध्ये लीड्स येथील लोकर संशोधन संस्थेत, प्रथिनांचे घटक वेगळे करण्यासाठी कागदी क्रोमॅटोग्राफीची पद्धत मांडली. कागदाच्या तंतूंत पाणी धरलेले असते. त्यावरून द्रावक वर चढताना मिश्रणातील प्रत्येक द्रव्य आपल्या स्वभावानुसार त्याच्याबरोबर धावते किंवा मागे रेंगाळते. अन्नतपासणीत आधी पांढऱ्या लोकरीचा धागा आम्लयुक्त नमुन्यात उकळतात. कृत्रिम रंग लोकरीला घट्ट धरतो. तो अमोनियाने सोडवून ज्ञात रंगांच्या थेंबांशेजारी कागदावर ठेवतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत याहून साधी मांडणी चालते. टीपकागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने रेघ ओढावी (शाईची रेघ स्वतःच फुटून वर चढेल), तिच्यावर बाटलीतील सरबताचा एक थेंब आणि शेजारी घरच्या आमसुलाच्या पाण्याचा एक थेंब सुकू द्यावा, आणि रेघ वर राहील अशा बेताने पट्टीचे टोक मिठाच्या पाण्यात बुडवावे. घरच्या थेंबात नसलेला एखादा ठसठशीत पट्टा बाटलीच्या थेंबातून वर सरकला, तर शंकेला जागा आहे. तो पुरावा नव्हे. शिवाय काही कृत्रिम रंगांना ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेत, कायद्याची परवानगी आहे. अपराध आहे तो लपवण्यात.

पुढची वाट 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याने ग्राहकालाही खुली ठेवली आहे: शुल्क भरून तो नमुना तपासून घेऊ शकतो. पण पुण्या-मुंबईला परतलेला प्रवासी एका बाटलीसाठी एवढा खटाटोप करील कशाला? खरी गरज उत्पादकालाच आहे. गावच्या बचत गटांनी आपल्या मालाची अशी तपासणी एकत्रितपणे करवून घेतली, तर खर्च वाटला जाईल. आणि तोवर निदान बाटलीवरील चिठ्ठीत एक ओळ छापण्यास काहीच अडचण नाही: या सरबताचा रंग कालांतराने तपकिरी होतो.