आठवण पुसली जात नाही, दुरावते
डीआयडी आणि स्मृती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकाच माणसात दोन किंवा अधिक वेगळ्या ओळखी आलटून पालटून पुढे येतात, त्या विकाराला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, थोडक्यात डीआयडी म्हणतात. 1994पर्यंत मानसोपचाराच्या अमेरिकी नियमावलीत त्याचं नाव ‘बहुव्यक्तिमत्त्व विकार’ असं होतं. आपल्यापैकी अनेकांना तो ठाऊक झाला ‘भूल भुलैया’सारख्या सिनेमांतून, आणि आठवणींबद्दलचे गैरसमजही तिथूनच घरात आले. हे गैरसमज निरुपद्रवी नाहीत. त्यांच्यामुळे आधीच पोळलेल्या माणसाला घरचेच खोटारडा ठरवतात, किंवा तपासाला बसल्यासारखे त्याच्या भूतकाळाच्या मागे लागतात.

गैरसमज 1 : एका ओळखीला दुसरीचं काहीच ठाऊक नसतं.

वस्तुस्थिती : असा कडेकोट बंदोबस्त क्वचितच असतो. काहींना मधला सगळा वेळ कोरा वाटतो. काहींना आपण मागे उभं राहून स्वतःलाच बोलताना पाहत होतो, असं धूसर आठवतं. कधी ‘अ’ला ‘ब’चं सगळं कळतं, पण ‘ब’ला ‘अ’चा पत्ताही नसतो. एकाच माणसात हे चित्र काळानुसार, ताणानुसार बदलतं. उपचारांत हा आतला संवाद हळूहळू वाढवता येतो.

गैरसमज 2 : ‘आठवत नाही’ म्हणणं हा बहाणा आहे.

वस्तुस्थिती : नेदरलँड्समधल्या राफाएल हंटयेन्स आणि सहकाऱ्यांनी 2003मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. डीआयडी असलेल्या 31 जणांना एका ओळखीत असताना शब्दांची यादी शिकवली आणि दुसऱ्या ओळखीत असताना त्यांची चाचणी घेतली. ‘मला ती यादी माहीतच नाही’ असं सांगणाऱ्यांच्या उत्तरांतही त्या यादीच्या खुणा उमटल्या. म्हणजे माहिती मेंदूत पोचली होती.

यावरून ‘पाहा, नाटकच होतं’ असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. पण मेंदूत नोंद असणं, ती जाणीवपूर्वक आठवता येणं आणि ‘हे माझ्या बाबतीत घडलं’ असं वाटणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. डीआयडीमध्ये दुसरी आणि तिसरी गोष्ट बिघडते. घटना ठाऊक असते, पण ती दुसऱ्या कुणाची तरी वाटते.

सिमोन राइंडर्स यांच्या गटाने 2012मध्ये डीआयडी असलेले लोक आणि त्यांचा अभिनय करायला सांगितलेले लोक यांची तुलना केली. क्लेशदायक आठवण ऐकवताना दोन्ही गटांच्या मेंदूंतल्या रक्तप्रवाहाचे आणि शरीराच्या प्रतिसादाचे नमुने जुळले नाहीत. विकाराच्या कारणांबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. बालपणीच्या आघातांवर किती भर द्यायचा आणि उपचारकाच्या सूचना, सिनेमा, समाज यांचा प्रभाव किती मानायचा, हा वाद चालू आहे. पण रुग्णाचा त्रास खरा आहे, हे त्या वादामुळे बदलत नाही.

गैरसमज 3 : विसर पडतो तो फक्त भयंकर प्रसंगांचा.

वस्तुस्थिती : 2013च्या डीएसएम-5 या नियमावलीने निदानाच्या निकषांत रोजच्या घटनांमधली पोकळीही स्पष्टपणे धरली आहे. पिशवीत न आठवणारी खरेदी सापडते. आपण पाठवलेला संदेश परका वाटतो. रस्त्यात कुणी ओळखीचं हसतं आणि ते कोण हे कळत नाही. साध्या विसराळूपणापेक्षा हे निराळं असतं.

उलट, सगळंच जात नाही. सायकल चालवणं, स्वयंपाक, भाषा, सामान्य ज्ञान बहुधा शाबूत राहतं, कारण सवयीची आणि ज्ञानाची स्मृती ही प्रसंगांच्या स्मृतीहून वेगळी असते. म्हणून ‘पोळ्या येतात, मग कालचं भांडण कसं आठवत नाही?’ हा सवाल निरर्थक आहे.

गैरसमज 4 : संमोहन केलं की दडलेली आठवण जशीच्या तशी बाहेर येते.

वस्तुस्थिती : आठवण कपाटात ठेवलेल्या फाइलसारखी नसते. प्रत्येक वेळी आठवताना मेंदू ती नव्याने जुळवतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी 1995मध्ये 24 जणांना ‘तू लहानपणी मॉलमध्ये हरवला होतास’ असा रचलेला प्रसंग सांगितला. सुमारे एक चतुर्थांश जणांना तो पूर्ण किंवा अंशतः ‘आठवला’. 1973च्या ‘सिबिल’ या गाजलेल्या पुस्तकातल्या रुग्णेवर औषधांच्या आणि संमोहनाच्या मदतीने उपचार झाले होते. तिच्या आठवणींवर पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या.

याचा अर्थ उशिरा आठवलेलं सगळंच खोटं, असा मुळीच नाही. बालपणीचे अत्याचार खरे असतात आणि त्यांच्याबद्दल लोक वर्षानुवर्षं गप्प राहतात. म्हणून जबाबदार उपचारक सूचक प्रश्न टाळतो आणि खोदकामाची घाई करत नाही. आधी सुरक्षितता आणि स्थैर्य, मग पेलवेल तेवढीच आठवणींवर चर्चा, शेवटी रोजच्या आयुष्याची घडी बसवणं, असा उपचारांचा क्रम असतो.

गैरसमज 5 : अंगात येतं आणि नंतर आठवत नाही, म्हणजे हाच आजार.

वस्तुस्थिती : डीएसएम-5ने बाधा झाल्याच्या अनुभवांचा या विकाराच्या वर्णनात समावेश केला, पण सोबत अटही घातली. समाजाने स्वीकारलेल्या धार्मिक प्रथेचा जो भाग आहे, तो विकार नव्हे. जत्रेत, गोंधळात अंगात येऊन नंतर घरी नेहमीसारखी वागणारी बाई रुग्ण ठरत नाही. नको असताना, कुठेही, वारंवार घडणारा आणि संसार-नोकरी विस्कटणारा बदल मात्र मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला हवा. त्याला चाबूक, धुरी आणि मांत्रिक हे उत्तर कधीच नव्हतं.

घरच्यांनी काय करावं?

आधी डॉक्टर गाठावा. अपस्मार, डोक्याला मार, दारू आणि काही औषधं यांमुळेही स्मृतीत खंड पडतो, त्यामुळे ती कारणं तपासावी लागतात. ‘आठव बघू’ म्हणून परीक्षा घेऊ नये. काय घडलं ते शांतपणे, न रंगवता सांगावं. सगळ्या ओळखींना वाचता येईल अशी वही किंवा दिनदर्शिका अनेकांच्या कामी येते. न आठवलेल्या वागण्याचीही जबाबदारी असते, पण ती अपमान न करता समजावता येते. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

ज्याच्या आठवणींचे धागे तुटले आहेत, त्याच्यावर पुराव्याचं ओझं टाकू नका. आजचा दिवस त्याला सुरक्षित वाटला, तरच कालच्या दिवसाकडे पाहण्याचं बळ त्याच्यात येईल.