मालिका संपली, धंदा चालू

बेलफास्ट म्हटले की आम्हा कापडवाल्यांना आठवते ते लिनन! उत्तर आयर्लंडच्या या शहरातून आता रोज सकाळी बसगाड्या निघतात त्या पर्यटकांनी भरून. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिका २०१९ मध्ये संपली. पण तिच्या चित्रीकरणाचे बॅलिनटॉय बंदर, कुशेनडनच्या गुहा आणि वाटेत जायंट्स कॉजवेचे बसाल्टचे खांब दाखवून संध्याकाळी परत आणणाऱ्या सहली चालूच आहेत. बॅनब्रिजच्या 'लिनन मिल स्टुडिओ'त २०२२ पासून मालिकेचे प्रदर्शन आहे. गिरणीचे नाव राहिले, माल बदलला!

मात्र 'डार्क हेजेस' रस्त्यावरील अठराव्या शतकातील बीच वृक्षांची मुळे वाचवण्यासाठी २०१७ मध्ये मोटारींना बंदी करावी लागली. २०२३ मध्ये सहा धोकादायक झाडे तोडली गेली. व्यापारी बांधवांनो, नफा खावा, मुद्दल खाऊ नये.