विश्लेषण : गिटारचा ॲम्प लॅपटॉपमध्ये, पण स्टेजवर भरवसा किती?

वजनदार ॲम्प्लिफायर, पेडल्सची पेटी आणि केबलची वेटोळी नेण्याऐवजी लॅपटॉप आणि हातात मावणारा ऑडिओ इंटरफेस घेऊन कार्यक्रमाला जाण्याचा पर्याय गिटारवादकांपुढे आहे. घरी हेडफोनवर ही जुळणी झकास वाजते. स्टेजवर मात्र कसोटी आवाजाच्या दर्जाची नसते, वेळेची आणि भरवशाची असते. ती कशी, याविषयी…

ही जुळणी नेमकी कशी असते?

गिटारची केबल आधी ऑडिओ इंटरफेसमध्ये जाते. पिकअपमधून येणारा सिग्नल नाजूक असतो. त्यामुळे इंटरफेसला ‘हाय-झी’ किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’ असे लिहिलेले इनपुट हवे. त्याचा इम्पीडन्स साधारण १० लाख ओहम असतो. साध्या लाइन इनपुटमध्ये गिटार लावली तर आवाज मवाळ आणि दबलेला येतो. इंटरफेस सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करून यूएसबीने लॅपटॉपला देतो. तेथे गिटार रिग, ॲम्प्लिट्यूब किंवा मोफत मिळणारे न्यूरल ॲम्प मॉडेलर यांसारखे सॉफ्टवेअर ॲम्प आणि पेडल्सचे काम करते. स्पीकरच्या खोक्याचा गुणधर्म ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ नावाच्या छोट्या फाइलमधून मिळतो. तयार आवाज इंटरफेसमधून बाहेर पडून थेट मिक्सरला जातो. गाणे सुरू असताना आवाज बदलण्यासाठी मिडी फूट कंट्रोलर लागतो, कारण दोन्ही हात गिटारवर असताना माऊस धरायला तिसरा हात नसतो.

लेटन्सीची एवढी चर्चा का?

तार छेडल्यापासून आवाज कानी पडेपर्यंतचा विलंब म्हणजे लेटन्सी. संगणक ध्वनी सलग हाताळत नाही, तो नमुन्यांचे गठ्ठे करून हाताळतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि बफर १२८ नमुन्यांचा ठेवला, तर एक गठ्ठा भरायला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. ५१२ चा बफर असेल तर १०.७. सिग्नल आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा हा वेळ जातो. इंटरफेस आणि यूएसबीचा वेळ त्यात वेगळा मिळवावा लागतो.

हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब हा ॲम्प साधारण साडेतीन मीटर दूर ठेवल्यासारखा असतो. बहुतेकांना तेवढा चालतो. त्याच्या दुपटीवर गेला की बोटे पुढे आणि आवाज मागे, असे वाटू लागते आणि ड्रमरशी ताल जुळेना होतो. बफर फार लहान केला तर प्रोसेसरला वेळेत काम उरकत नाही आणि आवाजात कडकड येते. म्हणून कडकड येणार नाही एवढाच लहान बफर ठेवायचा. ब्लूटूथ हेडफोन येथे कामाचे नाहीत. त्यांचा विलंब कितीतरी जास्त असतो.

लॅपटॉप कसा तयार करावा?

मॅकमध्ये कोअर ऑडिओ ही ध्वनियंत्रणा मुळातच असते. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर वापरावा. कार्यक्रमापूर्वी वायफाय, ब्लूटूथ, नोटिफिकेशन आणि स्लीप मोड बंद करावेत. अपडेट पुढे ढकलावेत. अनेक लॅपटॉप बॅटरीवर असताना वेग कमी करतात; त्यामुळे चार्जर लावून ‘हाय परफॉर्मन्स’ मोड ठेवणे बरे. सगळ्या गाण्यांचे आवाज आधीच लोड करून त्यांची पातळी सारखी करून ठेवावी. नाहीतर एका गाण्यात सोलो ऐकूच येत नाही आणि दुसऱ्यात गायक झाकला जातो. हे काम हेडफोनवर करू नये. स्टेजवर वाजेल तेवढ्या मोठ्या आवाजात स्पीकरवरच करावे, कारण आवाज वाढला की कानाला बास आणि ट्रेबल दोन्ही जास्त जाणवतात.

हमिंग येत असेल तर?

लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेत असतील तर अर्थिंगचा फेरा तयार होतो आणि ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण स्पीकरमधून येते. चार्जर काढल्यावर ती थांबली, तर दोष कुठे आहे ते कळते. उपाय म्हणजे डीआय बॉक्सवरचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण. ते फक्त ध्वनीच्या केबलमधली अर्थ जोडणी तोडते. प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा ‘जुगाड’ मात्र कधीही करू नये. जनरेटरवर किंवा मंडपातल्या तात्पुरत्या वायरिंगवर कुठे दोष असेल, तर एका हातात धातूच्या तारा आणि ओठाजवळ माइक असलेल्या वादकाच्या अंगातून वीज जाऊ शकते. तेथे गाठ जिवाशी असते.

ऐन गाण्यात लॅपटॉप अडकला तर?

तो अडकणार, असे धरूनच तयारी करावी. गिटारचा सिग्नल इंटरफेसच्या आधीच एबी बॉक्सने वळवता येईल असा ठेवावा. दुसरी वाट एका छोट्या मल्टी-इफेक्ट पेडलमधून मिक्सरच्या वेगळ्या चॅनलवर न्यावी. पायाने एक बटण दाबले की गाणे पुढे चालू राहते. यूएसबी केबल ओढली जाऊन निसटते, हे अपघाताचे नेहमीचे कारण. ती टेपने पक्की करावी. तालमीत पूर्ण कार्यक्रम न थांबता, त्याच बफरवर वाजवून पाहावा. दहा मिनिटे नीट चाललेला लॅपटॉप तापल्यावर दीड तासाने वेगळा वागू शकतो.

मग लॅपटॉप घ्यावा की तयार यंत्र?

हेलिक्स, केम्पर किंवा क्वाड कॉर्टेक्स ही यंत्रेही आतून संगणकच आहेत. फक्त त्यांना दुसरे काम नाही, म्हणून ती कमी अडखळतात. केवळ गिटारचा आवाज हवा असेल तर असे यंत्र सोयीचे. पण त्याच कार्यक्रमात बॅकिंग ट्रॅक, ड्रमरसाठी क्लिक आणि कीबोर्डचे आवाजही एका जागेवरून चालवायचे असतील, तर लॅपटॉपला तोड नाही. अट एवढीच, की कार्यक्रमाच्या दिवशी त्या लॅपटॉपवर ईमेल उघडू नये, की कोणाच्या लग्नाचे फोटोही.