नाल्यातला धातू जातो कुठे?

सोलापूर म्हटलं की चादर आठवते आणि चादर म्हटली की रंग. 1877 साली इथं पहिली कापड गिरणी उभी राहिली, पुढे यंत्रमागाचा पसारा वाढला, टॉवेल आले. जिथं कापड तिथं रंगाचं पाणी. पण आज आपण रंगाबद्दल कमी आणि त्याच पाण्यातून जाणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धातूंबद्दल जास्त बोलणार आहोत : क्रोमियम, तांबं, आणि प्लेटिंग किंवा बॅटरीच्या कामातून येणारं निकेल, शिसं.

सांडपाण्यातला मैला, साबण, अन्न हे जीवाणू खातात आणि त्याचं पाणी, वायू करून टाकतात. धातूचं तसं होत नाही. तो मूलद्रव्य आहे, त्याला कुणी पचवू शकत नाही. म्हणजे देगावसारख्या शहरी शुद्धीकरण केंद्रात तो पोचला, तर एक तर गाळात बसतो, नाही तर पाण्याबरोबर सीनेकडे जातो. सीना पुढे कुडलला भीमेला मिळते (तिथंच, हत्तरसंगच्या देवळात, शके 940चा मराठी शिलालेख आहे). धातू गाळात बसला आणि तोच गाळ खत म्हणून शेतात गेला, तर आपण नदी वाचवून रान बिघडवलं, एवढंच.

‘नाल्यात इतकं पाणी असतं, पातळ होऊन जाईल की!’ हे आम्ही पुष्कळदा ऐकतो. तेव्हा उदाहरणापुरता एक हिशेब मांडू. एका टाकीत 1,000 लिटर पाणी आहे, लिटरला 50 मिलिग्रॅम षट्संयुजी क्रोमियम. म्हणजे एकूण 50 ग्रॅम. ते नाल्यातल्या 1 लाख लिटरमध्ये मिसळलं तर लिटरला 0.5 मिलिग्रॅम झालं. नदीत सोडण्याची मर्यादा आहे 0.1. म्हणजे अजूनही पाचपट! शिवाय आता ते काढायचं तर 1 लाख लिटर पाणी हाताळावं लागणार. टाकीत असतानाच काढलं असतं तर काम हजार लिटरचंच होतं.

काढायचं कसं? षट्संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळून राहतो आणि तोच जास्त विषारी. आधी आम्ल घालून पाण्याचा सामू 2 ते 3 वर आणायचा, मग हिराकस घालायची. हिराकशीतलं लोह त्याचं रूपांतर त्रिसंयुजी क्रोमियममध्ये करतं. आपल्या 50 ग्रॅमला निदान 800 ग्रॅम हिराकस लागेल; प्रत्यक्षात थोडी जास्तच घालतात. नंतर चुन्याची निवळी घालून सामू 8 ते 9 केला की क्रोमियमचा साका तळाशी बसतो. चुना बेतानंच घालायचा, कारण सामू फार चढला तर तोच साका पुन्हा विरघळायला लागतो. निकेलला मात्र 10च्या वरचा सामू लागतो. म्हणून सगळ्यांचं पाणी एकाच हौदात ओतून एकदाच चुना मारणं, ही सोयीची पण कच्ची पद्धत आहे.

तांब्याची गोष्ट आणखी वेगळी. काही फिरोजी रंगांच्या रेणूतच तांबं घट्ट बांधलेलं असतं. चुना त्याला सहज सोडवत नाही. तिथं आधी रंगच काढावा लागतो, सक्रिय कोळशानं किंवा पडद्याच्या गाळणीनं. उलट, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी त्यात शिसं असू शकतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला फक्त 0.01 मिलिग्रॅम आहे. ती नजरेला कळणार नाही, प्रयोगशाळेतच कळते.

आमच्या मते सगळ्यात स्वस्त उपाय रंगखान्यातच आहे. व्हॅट आणि सल्फर रंग पक्के करायला पूर्वी सर्रास डायक्रोमेट वापरत. तेच काम हायड्रोजन पेरॉक्साइड करतो आणि मागे पाणीच उरतं. जो क्रोमियम आणलाच नाही, तो काढायचा प्रश्नच येत नाही.

उरला तो साका. तो वाळवून गोण्या भरल्या म्हणजे काम संपलं, असं समजू नका. ती घातक टाकाऊ वस्तू आहे; नोंद करून रांजणगावसारख्या अधिकृत ठिकाणीच पाठवावी लागते. जलपर्णी धातू शोषून घेते, हेही खरं. पण ती उपसून नाल्याच्या काठावर कुजू दिली, तर तिच्यातला धातू पहिल्या पावसात परत नाल्यात येतो.