पाऱ्याच्या धाग्यापासून एम.आर.आय.च्या खोलीपर्यंत



मोठ्या दवाखान्यात एम.आर.आय.साठी नंबर लावून बसलेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. कुणाच्या कमरेची गादी सरकलेली, कुणाच्या आईला अर्धांगवायूचा झटका आलेला. नंबर आला की आतला माणूस सांगतो, "घड्याळ काढा, किल्ल्या काढा, पट्टा काढा, अंगावर काही ठेवू नका." आपण निमूटपणे काढून ठेवतो. पण का काढायचे, हे समजावून सांगायला तिथे कुणाला सवड नसते. आणि न समजल्यामुळे काय होते, ते मुंबईने जानेवारी २०१८ मध्ये पाहिले. रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनची टाकी हातात धरून त्या खोलीत शिरला. यंत्राने टाकीसकट त्याला खेचून घेतले आणि त्याचा जीव गेला.

त्या यंत्रात एवढी ताकद येते कुठून? उत्तर शोधायला निघालो तर आपण शंभर वर्षे मागे जातो. आणि वाटेत सूर्य का तळपतो, या प्रश्नाचीही गाठ पडते. म्हणूनच हा लेख. आपल्या घरात एखादी मुलगी म्हणते, "मला बी.एस्सी.ला फिजिक्स घ्यायचे आहे." लगेच आपण विचारतो, "त्याचा उपयोग काय?" प्रश्न चुकीचा नाही. पोटाला चिमटा काढून शिकवणाऱ्या आईबापांनी तो विचारायलाच हवा. पण त्याचे उत्तरही ऐकून घेतले पाहिजे.

लेडनमधला पारा

हॉलंडमधील लेडन शहरात हाइके कामरलिंग ओनेस नावाचे प्राध्यापक होते. १९०८ साली त्यांनी हेलियम वायू इतका थंड केला की त्याचे पाणी झाले. ही थंडी उणे २६९ अंश सेल्सिअसची. तोवर एवढी थंडी पृथ्वीवर कुणीच निर्माण केली नव्हती. हे काम एकट्याचे नव्हते. ओनेस यांनी १९०१ साली प्रयोगशाळेतच उपकरणे बनवणाऱ्या कारागिरांची शाळा काढली होती. निळे डगले घालून पोरे तिथे काच फुंकायला आणि धातू कातायला शिकत. त्या निळ्या डगल्यांवाचून हेलियमचा थेंबही पडला नसता.

मग त्यांनी विचारले, एवढ्या थंडीत धातूतून वीज कशी वाहते? पारा ऊर्ध्वपातनाने अगदी शुद्ध करता येतो, म्हणून बारीक काचनळीत पाऱ्याचा धागा भरला. ८ एप्रिल १९११ रोजी मोजणी झाली. ती करणाऱ्यांत जिलेस होल्स्ट हा साहाय्यक होता. पाऱ्याचा विजेला होणारा विरोध कमी कमी होत जाण्याऐवजी एकदम नाहीसाच झाला. यालाच अतिसंवाहकता म्हणतात.

साध्या तांब्याच्या तारेत वीज वाहताना थोडी वाया जाते. तार गरम होते ती त्यामुळेच. अतिसंवाहक तारेत काहीच वाया जात नाही. तिच्या वेटोळ्यात एकदा वीज सोडली आणि टोके एकमेकांना जोडून टाकली, की बाहेरचा पुरवठा काढून घेतला तरी वीज आत फिरतच राहते. थंडी टिकवली की झाले. फिरणारी वीज म्हणजे चुंबक, हे आपण शाळेत शिकलो आहोत. एम.आर.आय.चे बहुतेक मोठे यंत्र म्हणजे असेच वेटोळे आहे, द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेले. त्याचे चुंबकबल साधारणपणे दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकबलाच्या सुमारे ३० हजार पट.

म्हणून पक्के ध्यानात ठेवा: तपासणी चालू नसली, दिवे मालवलेले असले, तरी तो चुंबक चालूच असतो. रात्री चालू, सुट्टीच्या दिवशीही चालू. लोखंडी टाकी, चाकाची खुर्ची, स्ट्रेचर कुणी सांगितले तरी विचारल्याशिवाय आत नेऊ नका. हृदयात पेसमेकर असेल, अंगात शस्त्रक्रियेची पट्टी किंवा खिळा असेल, तर तो कोणत्या धातूचा हे ठाऊक नसले तरी आधी सांगा.

निरोप्याचा हिशेब

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. विजेच्या उघड्या तारेवर पाखरू निर्धास्त बसते. तारेचा दाब हजारो व्होल्ट असला तरी त्याला काही होत नाही. कारण महत्त्व दाबाला नाही, दोन ठिकाणांच्या फरकाला आहे. शून्य कुठे धरायचे, हे आपण ठरवायचे. निसर्गाला त्याचे सोयरसुतक नाही.

हिशेबनिसाला हे चटकन कळेल. एका कंपनीच्या दहा शाखा आहेत. प्रत्येक शाखेला आपापले शून्य धरून वही लिहायची मुभा दिली, तर दोन शाखांचा ताळमेळ घालायला मध्ये निरोप्या लागतो. तो नसेल तर हिशेब जुळणार नाही. निसर्गातही प्रत्येक ठिकाणाला आपले माप निवडायची मुभा द्या, तरीही नियम सगळीकडे एकच राहावेत अशी अट घाला, की निरोप्या लागतोच. विजेच्या आणि चुंबकाच्या बलाचा निरोप्या म्हणजे प्रकाशाचा कण, फोटॉन. मापाच्या मुभेतून बल निघते, या विचाराला गेज सिद्धांत म्हणतात. १९५४ साली यांग आणि मिल्स या दोघांनी तो फोटॉनच्या पलीकडे नेला.

पण एक अडचण होती. या हिशेबात निरोप्याला वस्तुमान चालत नाही, आणि वस्तुमान नसलेला निरोप्या कितीही दूर जातो. निसर्गात मात्र 'दुर्बल बल' नावाचे एक बल आहे, त्याची धाव अणूच्या गाभ्याइतकीही नाही. त्याचा निरोप्या जडच असला पाहिजे. याच बलामुळे सूर्यात हायड्रोजनचे हेलियम होण्याची पहिली पायरी चढली जाते. आणि ते दुर्बल आहे म्हणूनच सूर्य एकदम भडकून न संपता अब्जावधी वर्षे मंद जळतो आहे. मग निरोप्याला जडपणा आला कुठून?

वाट दाखवली ती अतिसंवाहक धातूने. अतिसंवाहक चुंबकबलाला आपल्या आत शिरू देत नाही, हे १९३३ सालीच माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवले होते. घन पदार्थांचा अभ्यास करणारे फिलिप अँडरसन यांनी १९६३ साली म्हटले, की अतिसंवाहकाच्या आत फोटॉन वस्तुमान असल्यासारखा वागतो. कोरड्या बांधावरून भराभर चालणारा माणूस भाताच्या चिखलात उतरला की जड पावले टाकतो, तसे. १९६४ साली ब्राउट, आंग्लेर, हिग्स आणि आणखी तिघांनी हाच विचार साऱ्या विश्वाला लावला. सगळी पोकळी अशाच एका 'चिखलाने' भरलेली आहे आणि दुर्बल बलाचे निरोपे तिच्यामुळे जड झाले आहेत. या पायावर वाइनबर्ग यांनी आणि पंजाबातल्या झंग गावी वाढलेल्या अब्दुस सलाम यांनी सिद्धांत उभा केला. ग्लॅशो यांच्यासह त्यांना १९७९ चे नोबेल मिळाले.

तारेची करामत

सिद्धांत सिद्ध करायला यंत्र हवे, यंत्राला प्रचंड चुंबक हवा आणि चुंबकाला तार हवी. इथेच ओनेस यांचे स्वप्न अडले होते. शुद्ध धातूची अतिसंवाहकता थोड्याशा चुंबकबलातही मोडून पडते. हे कोडे मिश्रधातूंनी सोडवले. नायोबियम आणि टायटॅनियम एकत्र करून, केसाच्या दहाव्या हिश्शाइतके बारीक हजारो तंतू तांब्यात बसवून एक तार ओढली जाते. अमेरिकेत १९८३ साली सुरू झालेल्या टेव्हाट्रॉन यंत्रासाठी अशी तार टनावारी लागली. कारखान्यांचा हात बसला आणि त्याचा फायदा दवाखान्यांतल्या चुंबकांना झाला.

जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेचे यंत्र २७ किलोमीटर घेराचे आहे. त्यात १५ मीटर लांबीचे १२३२ मुख्य चुंबक याच तारेचे आहेत. ते चुंबक जागेवर नेमके बसवणारे हजारो जॅक भारताने दिले. इंदूरच्या अणुऊर्जा खात्याच्या केंद्राचा त्यात मोठा वाटा होता. त्याच यंत्रात हिग्स कण सापडल्याचे ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झाले. ज्या अतिसंवाहकाने प्रश्नाची वाट दाखवली, त्याच्याच तारेने उत्तर मिळाले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेही यात भर घातली आहे. १९९४ साली तिथे निकेल, बोरॉन आणि कार्बन असलेल्या नव्या अतिसंवाहकांचा शोध लागला.

छापखान्यातला पोरगा

शेवटी एका पोराची गोष्ट. लंडनमध्ये गॅसच्या नळ्या जोडणाऱ्या कामगाराचा हा मुलगा. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. "मला वैज्ञानिक व्हायचे आहे," असे त्याने सल्लागाराला सांगितले, तेव्हा आपल्या झेपेल असे काहीतरी बघ, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. पोरगा छापखान्यात पुस्तकबांधणीला लागला. पण नोकरी करता करता त्याने शिक्षण सोडले नाही. विद्यापीठात पोहोचला, तेव्हा त्याचे वय तेवीसच्या आसपास होते. त्याचे नाव पीटर मॅन्सफील्ड. चुंबकाच्या साहाय्याने शरीराच्या आतले चित्र काढण्याची पद्धत घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २००३ साली लॉटरबर यांच्याबरोबर त्यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले. आज आपली आई ज्या यंत्रात झोपते, ते त्या कामातून आले आहे.

ओनेस यांना दवाखाना ठाऊक नव्हता. अँडरसन यांना हिग्स कणाची तारीख ठाऊक नव्हती. त्यांनी प्रश्न विचारला आणि तो धरून ठेवला. नोकरीचा विचार जरूर करा. शिष्यवृत्तीची चौकशी करा, पुढे शिकवण्याच्या आणि तंत्रज्ञाच्या जागा कुठे आहेत ते पाहा. पण घरातली मुलगी फिजिक्स मागत असेल, तर छापखान्यातल्या त्या पोराला मिळाले होते ते उत्तर तिला देऊ नका. तिला पुस्तक आणून द्या, आणि ती काय वाचते ते एकदा तिच्याकडूनच समजून घ्या.